गरम बंडी: हिवाळ्यातील दुचाकी प्रवासासाठी घरी बनवण्याची रीत

सोलापूरची ख्याती उन्हाळ्याची असली, तरी डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचच्या सुमारास तुळजापूर रस्त्याला दुचाकी लावणाऱ्याला इथली थंडीही चांगली ठाऊक असते. लाट आली की पारा 10 अंशांजवळ उतरतो, आणि अशा हवेत ताशी 80 किलोमीटर वेगाने जाताना उघड्या त्वचेला ती सुमारे 4 अंशांइतकी गार लागते. मी हिवाळ्यात पक्षी पाहण्यासाठी हिप्परगा तलावावर आणि नान्नजच्या माळावर सूर्योदयापूर्वी पोहोचतो. बोटे बधिर झाली की ब्रेक आणि क्लच किती दाबला गेला हे कळेनासे होते, हे मी या फेऱ्यांमध्ये अनुभवले आहे. त्यामुळे ऊब हा माझ्या दृष्टीने चैनीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे. म्हणूनच मी आतून शिवलेल्या तारेतून वीज खेळवून तापणारी बंडी घरी बनवली; तिचीच ही रीत.

बोटे गारठत असताना बंडी का तापवायची, असे कोणी विचारील. शरीराला थंडी वाजू लागली की छाती-पोटातील अवयव उबदार ठेवण्यासाठी ते हातापायांकडे जाणारे रक्त कमी करते. धड उबदार राहिले की तेच रक्त बोटांपर्यंत पोहोचत राहते. म्हणून पहिला प्रयोग हातमोज्यांवर न करता बिनबाह्यांच्या बंडीवर करावा. ती शिवायलाही सोपी असते आणि तिच्यातील तार कोपराशी सतत वाकून तुटत नाही.

मात्र वीज जोडण्याआधी वारा अडवला पाहिजे. आपली सोलापुरी चादर घरात कितीही उबदार वाटली, तरी तिच्या विणीतून वेगाचा वारा आरपार जातो, शिवाय अंगावर गुंडाळलेल्या चादरीचे टोक चाकात किंवा साखळीत अडकण्याचा धोका असतो. बाहेरून वारा न शिरणारे जाकीट, आत तापणारी बंडी आणि त्याखाली पातळ सुती सदरा, असा क्रम ठेवावा. उघड्या अंगावर ही बंडी कधीही घालू नये.

आता विजेचा हिशोब. 40 वॅटची बंडी गाडीवर घेणे म्हणजे हेडलाइटच्या 35 वॅटच्या हॅलोजन बल्बपेक्षा थोडा जास्त भार घेणे होय. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळतच असतो, त्यामुळे तो बंद करून वीज वाचवण्याची सोय आता राहिलेली नाही. मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना हा भार सहसा जड जात नाही. 100 ते 125 सीसीच्या गाडीवर मात्र आधी परीक्षा घ्यावी. त्यासाठी 35 वॅटचा जुना हेडलाइट बल्ब तात्पुरता बॅटरीला जोडावा, इंजिन नेहमीच्या प्रवासातील वेगाने फिरवावे आणि बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर (व्होल्टेज आणि रोध मोजणारे उपकरण) लावावा. व्होल्टेज 13.2 च्या वर टिकून राहिले तर गाडी बंडीचा भार पेलेल. ते 12.5 कडे घसरत असेल तर बॅटरी भरत नसून रिकामी होत आहे, असे समजावे आणि पॉवर बँकेचा मार्ग धरावा.

या कामाचा गाभा तारेची लांबी ठरवण्यात आहे. व्होल्टेजच्या वर्गाला वॅटने भागले की लागणारा रोध, म्हणजे तारेने विजेला करायचा अडथळा, मिळतो. गाडी चालू असताना 13.5 व्होल्ट आणि अपेक्षित शक्ती 40 वॅट धरली, तर रोध सुमारे 4.6 ओहम आणि प्रवाह सुमारे 3 अँपिअर येतो. टेफ्लॉनचे वेष्टन असलेली, अनेक बारीक पदरांची, अमेरिकन मापाने 30 गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक) तांब्याची तार मीटरमागे सुमारे 0.34 ओहम रोध देते. म्हणजे साडेतेरा मीटर तार पुरते. टेफ्लॉन 200 अंशांपर्यंत टिकते, तर घरगुती वायरचे साधे पीव्हीसी वेष्टन 70 अंशांपुरतेच असते, म्हणून इथे काटकसर करू नये.

गेजच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणेही धोक्याचे आहे. आपल्याकडे मोटार वाइंडिंगच्या दुकानांत ब्रिटिश मापाचे गेज चालते, तर टेफ्लॉन तार बहुधा अमेरिकन मापाने विकली जाते. ब्रिटिश मापाची 30 गेजची तार जाड असते आणि मीटरमागे सुमारे 0.22 ओहमच रोध देते. तेवढ्याच लांबीत ती 40 ऐवजी 60 वॅट खेचते. यासाठी तार कापण्यापूर्वी रोध मोजावा, आणि मोजण्याआधी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून दिसणारा आकडा अंतिम मोजमापातून वजा करावा, कारण एवढ्या लहान रोधात अर्ध्या ओहमची चूकही मोठी ठरते.

पॉवर बँकेसाठी हाच हिशोब 5 व्होल्टने करावा. 10 वॅटसाठी अडीच ओहम, म्हणजे त्याच तारेची सुमारे 7.3 मीटर लांबी लागते. 20,000 एमएएचची पॉवर बँक साधारण सहा तास पुरते. ही ऊब सौम्य असते, पण पाठ आणि मान राखण्यास पुरेशी होते.

शिवणकामासाठी अंगाला घट्ट बसणारी, सुती अस्तराची बंडी घ्यावी. आपल्या गावात गणवेश शिवणारे इतके कारखाने आहेत की जाड सुती कापडाचे तुकडे मिळवण्यास अडचण येत नाही. तार मधोमध दुमडून जोडपदरी करावी, दुमड उजव्या छातीवर ठेवावी आणि तेथून नागमोडी वळणे घेत काखेखालून पाठीवर, मग गळपट्टीवर आणि शेवटी डाव्या छातीवर आणावी, म्हणजे दोन्ही टोके डाव्या खालच्या कोपऱ्यात एकत्र येतात आणि पुढची चेन मोकळी राहते. दोन पदरांत सुमारे चार सेंटिमीटर अंतर ठेवावे. तार स्वतःवरून कुठेही ओलांडू देऊ नये. माझ्या पहिल्या बंडीत पाठीवर अशी एक ओलांडणी राहिली होती आणि नेमके तेवढेच ठिकाण सोसवेना इतके तापत होते. गोधडी घालताना जसे जवळजवळ टाके घेतात तसे तारेवरून आडवे टाके घ्यावेत, पण ते आवळू नयेत आणि सुई वेष्टनात शिरू देऊ नये. वरून सुती कापडाचा दुसरा थर शिवून तार झाकावी.

टोकांना जाड वायर सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणारी नळी) चढवावी. सोल्डर जिथे संपते तिथेच तार वाकून तुटते, त्यामुळे हा सांधा लहान खिशात घालून कापडाला पक्का टाचावा.

गाडीकडील जोडणीत बॅटरीच्या धन टोकाजवळच 5 अँपिअरचा फ्यूज असावा. तो लांब बसवला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यास तिला संरक्षण उरत नाही. त्यापुढे चार पिनांचा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) लावावा: 30 क्रमांकाला फ्यूजमधून आलेली वायर, 87 ला बंडीकडे जाणारी, 86 ला किल्ली फिरवल्यावर वीज येणारी आणि 85 ला अर्थिंगची, म्हणजे ऋण टोकाकडे जाणारी वायर. त्यामुळे किल्ली काढताच बंडी बंद होते. बंडीची दुसरी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावी. मूळ वायरिंग कापू नये. उष्णता कमी-जास्त करण्यासाठी 12 व्होल्टचा, 5 अँपिअर पेलणारा पीडब्ल्यूएम डिमर (वीज झपाट्याने चालू-बंद करून शक्ती कमी-जास्त करणारे उपकरण) मध्ये घालावा. बंडी आणि गाडी यांमधील कनेक्टर मात्र ओढताच सुटणारा हवा, कारण पडण्याची वेळ आली तर स्वार गाडीला बांधलेला राहता कामा नये.

पहिली चाचणी घरीच, 12 व्होल्ट 5 अँपिअरच्या अडॅप्टरवर करावी. बंडी पसरून तिच्यावर घडी घातलेला जाड टॉवेल ठेवावा, तासभर शेजारी बसून राहावे आणि दर दहा मिनिटांनी टॉवेलखाली थर्मामीटर सरकवून जागोजागी पाहावे. सदऱ्यावर पोहोचणारी उष्णता 40 अंशांच्या आत राहिली पाहिजे. 44 अंशांच्या आसपास तापलेली वस्तू काही तास अंगाला चिकटून राहिली तरी त्वचा भाजते, आणि ते भाजणे सुरुवातीला जाणवतही नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या त्वचेची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही बंडी वापरू नये.

रस्त्यावरची पहिली फेरी लहान असावी. मी हिप्परग्यापर्यंत जाऊन परततो, तिथे थांबून सांध्यांना हात लावून पाहतो आणि परतीच्या वाटेवर डिमर एक पायरी खाली आणतो. धुताना बंडी गार पाण्यात बुचकळून काढावी, पिळू नये, सावलीत वाळवावी आणि पुन्हा वापरण्याआधी रोध मोजावा; आकडा आधीपेक्षा वाढलेला दिसला तर आतील काही पदर तुटले आहेत असे समजून ती तार बदलावी.