नाशिकची वेलांटी आणि माझा पहिला इश्यू

ओपन सोर्समध्ये काहीतरी करायचंय पण कोडिंग तेवढं येत नाही, असं म्हणणाऱ्या ज्युनिअर्ससाठी लिहितेय, कारण एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला मीपण हेच म्हणत होते.

प्रोजेक्टसाठी जिल्हावार पावसाचा बार चार्ट काढत होते, मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढायच्या ओपन सोर्स लायब्ररीमध्ये, आणि नावं मराठीतच हवी होती. आधी नावांच्या जागी नुसते चौकोन आले आणि वॉर्निंग की ग्लिफ (अक्षराचा आकार) २३५० फाँटमध्ये नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला नंबर असतो, त्यात २३५० म्हणजे आपला म! डिफॉल्ट फाँट डेजावू सान्स, त्यात देवनागरी नाहीच. मग नोटो सान्स देवनागरी लावला, चौकोन गेले, पण नाशिकचं नाशकि झालं, कोल्हापूरमधला ल पाय मोडून एकीकडे आणि ह दुसरीकडे, आणि सिंधुदुर्गचा रफार ग वर चढायच्या ऐवजी र् होऊन शेजारी उभा.

मी लगेच गिटहबवर (जिथे मॅटप्लॉटलिबचा कोड असतो ती साइट) इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, टाकला, "मराठी नीट दिसत नाही, प्लीज फिक्स करा", सोबत स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो. उत्तर सभ्यपणे आलं: व्हर्जन कुठलं, ऑपरेटिंग सिस्टिम कुठली, बॅकएंड (चित्र प्रत्यक्ष काढणारा भाग) कुठला, आणि आम्हाला चालवून बघता येईल असा कोड द्या. शिवाय हा विषय आधीच नोंदवलेला होता, मी शोधलंच नव्हतं. म्हणून सगळ्यात आधी सर्च करा, बंद झालेले इश्यूसुद्धा बघा, आणि सापडला तर नवीन न उघडता तिथेच तुमचं उदाहरण जोडा.

मग मी पाच ओळींचा कोड लिहिला, पावसाचा डेटा काढून टाकला, फक्त "नाशिक" हा एक शब्द ठेवला, काय दिसतं आणि काय दिसायला हवं याच्या दोन इमेज शेजारी शेजारी लावल्या आणि वेलांटी कुठे जायला पाहिजे ते लिहिलं, कारण वाचणाऱ्याला देवनागरी येत नाही, त्याच्यासाठी नाशिक आणि नाशकि सारखंच. हे लिहिता लिहिता कारणही कळलं. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर साठवतात पण काढायची असते आधी, ही अदलाबदल आणि जोडाक्षरं करायचं काम म्हणजे शेपिंग, ते हार्फबझसारखी वेगळी लायब्ररी करते, आणि मी वापरत होते ते व्हर्जन अक्षरं फक्त एकामागे एक ठेवत जायचं. हे एका दिवसात सुटणारं काम नाही. तोपर्यंत एमपीएलकैरो नावाचा वेगळा बॅकएंड वापरला, त्यात नाशिक नाशिकच आलं, आणि तो उपाय मी त्याच इश्यूखाली लिहून ठेवला.

सूचनेने खरंच काही बदलतं का, असं वाटत असेल तर रंगांचं उदाहरण बघा. मॅटप्लॉटलिबचा डिफॉल्ट कलरमॅप (आकड्यांना रंग देणारी पट्टी) आधी जेट होता, इंद्रधनुष्यासारखा. त्यात पिवळ्या आणि आकाशी पट्ट्या इतक्या उठून दिसतात की डेटात नसलेल्या कडा असल्यासारख्या वाटतात, ब्लॅक अँड व्हाईट प्रिंट काढली की दोन्ही टोकं काळपट, आणि लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांचे तर हालच. नुसतं "रंग आवडत नाहीत" म्हणून कोणी हलवलं नसतं. २०१५ च्या सायपाय या विज्ञानात पायथन वापरणाऱ्यांच्या परिषदेत नॅथॅनिएल स्मिथ आणि स्टेफान व्हॅन डर वॉल्ट यांनी डोळ्याला रंग कसा दिसतो इथपासून मांडणी केली, पर्याय लोकांपुढे ठेवले, आणि २०१७ च्या २.० व्हर्जनपासून त्यांचा व्हिरिडिस हा कलरमॅप डिफॉल्ट झाला.

आता धड्यांबद्दल, कारण माझ्या मते नवख्यांची खरी जागा तिथे आहे. संशोधकांना कोडिंग शिकवणाऱ्या द कार्पेंट्रीज संस्थेचे पायथनचे धडे गिटहबवर खुले आहेत, आणि ज्याला सगळं येतं त्याला धड्यात कुठे अडकायला होतं ते दिसेनासं झालेलं असतं, ते फक्त तुम्हाला दिसतं, तेही पहिल्या वाचनालाच! मी एका धड्यात फाइल सापडत नाही या एररवर पाऊण तास घालवला, कारण झिप उघडल्यावर आत आणखी एक फोल्डर तयार झाला होता. अडकले तेव्हाच वहीत लिहून ठेवलं म्हणून बरं, नाहीतर दोन दिवसांनी ते मलाही क्षुल्लक वाटलं असतं आणि मी सांगितलंच नसतं. नंतर तेवढीच एक ओळ सुचवली, कुठल्या वाक्यापाशी अडकले, काय टाइप केलं, काय एरर आली. सोबत दोन स्पेलिंगही सुधारली होती, तर रिव्ह्यू करणाऱ्याने ती वेगळी पाठवायला सांगितली. तशी पाठवली, स्पेलिंग दुसऱ्या दिवशी मर्ज झाली, म्हणजे मूळ धड्यात घेतली गेली, फोल्डरच्या ओळीवर मात्र तीन आठवडे चर्चा चालली कारण विंडोज आणि मॅकवर झिप वेगवेगळी उघडते, आणि शेवटी माझ्या एका ओळीच्या दोन झाल्या.