पोटॅशियम चॅनेलची रचना वाचायची कशी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं की सगळं एकदम इंग्रजीतून समोर येतं. आयन चॅनेलचा भाग तर बहुतेक एका चित्रात उरकतो: पेशीपटलात एक नळी आणि तिच्यातून जाणारा बाण. पोटॅशियम जातो, सोडियम जात नाही, हे त्यावरून पाठ होतं. का, ते कळत नाही. ते कळायचं तर खरी रचना पडद्यावर फिरवून, अणूंमधली अंतरं मोजून बघायला हवी. त्यासाठी पैसे लागत नाहीत, तासभर निवांत वेळ लागतो.

आधी एक गोंधळ दूर करा. सोडियम-पोटॅशियम पंप वेगळा, चॅनेल वेगळं. पंप एटीपी (पेशीचं ऊर्जा पुरवणारं रेणू-चलन) खर्चून एका फेरीत ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. चॅनेल एटीपी जाळत नाही. आयन उताराच्या दिशेने आपोआप वाहतात, आणि सेकंदाला १० कोटींच्या घरात आयन जाऊ शकतात. इतका वेग आणि तरीही सोडियमच्या तुलनेत पोटॅशियमला हजारो पटींनी पसंती, या दोन गोष्टी एकत्र कशा जमतात, हाच प्रश्न मनात धरून रचना उघडायची.

कुठली रचना? स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडन्स या जिवाणूचं केसीएसए चॅनेल. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ मध्ये ते प्रथम उलगडलं आणि २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना पीटर ॲग्रे यांच्यासह मिळालं. मात्र १९९८ ची फाइल ३.२ अँगस्ट्रॉम स्पष्टतेची, म्हणजे जरा धूसर आहे (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार-कोटीवा भाग; इथे आकडा लहान तितकं चित्र स्पष्ट). शिकण्यासाठी २००१ ची, २ अँगस्ट्रॉमची घ्या. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या मोफत संग्रहाच्या संकेतस्थळावर शोधाच्या चौकटीत एक, के, चार, सी असं इंग्रजीत सलग टाका. मोबाइलवर रचना दिसते, पण अणू नेमका निवडताना बोट चुकतं. कॉम्प्युटर आणि माउस असेल तर उत्तम. रेंज येते-जाते अशा गावात राहत असाल तर फाइल शहरातून उतरवून न्या. ती एक एमबीच्या आत असते.

उतरवलेली फाइल उघडली की पहिली फसगत इथेच होते. पडद्यावर तीन साखळ्या दिसतात आणि छिद्र कुठेच दिसत नाही. यातल्या ए आणि बी या साखळ्या चॅनेलच्या नाहीतच. रचना प्रथिनाच्या स्फटिकावरून काढतात; तो स्फटिक नीट बनावा म्हणून जोडलेल्या अँटिबॉडीच्या तुकड्याच्या त्या आहेत. चॅनेलची साखळी सी, आणि तीही चारपैकी एकच. रचना दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘बायोलॉजिकल असेंब्ली’ (पेशीत असतो तसा पूर्ण संच) निवडली की चारही उपघटक गोलाकार उभे राहतात. मग अँटिबॉडी लपवा आणि चारपैकी दोनच उपघटक ठेवा, शेजारचे नव्हे, समोरासमोरचे. आता मधून जाणारा मार्ग आणि त्यात एका रेषेत बसलेले पोटॅशियम स्पष्ट दिसतील. आयन मोजताना मात्र सावध राहा. ते बरोबर मधल्या अक्षावर असल्याने असेंब्ली बनवताना एकाच जागी चार-चार प्रती पडतात, आणि यादीत आकडा चौपट दिसतो.

आता खरा भाग. वरच्या अक्षरपट्टीत, जिथे एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल, टी-व्ही-जी-वाय-जी ही ओळ शोधा. तिच्याआधी आणखी एक टी आहे. आपल्याला दुसरा हवा, क्रमांक ७५. ७५ ते ७९ हे पाच अमिनो आम्ल म्हणजे सिलेक्टिव्हिटी फिल्टर, आयन निवडणारा अरुंद भाग, लांबी सुमारे १२ अँगस्ट्रॉम. हे अमिनो आम्ल काड्यांच्या रूपात दाखवा आणि ऑक्सिजन लाल करा. साखळीच्या कण्यातले कार्बोनिल (कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेले) ऑक्सिजन मार्गाकडे तोंड करून आहेत. वाय ७८, जी ७७, व्ही ७६ आणि टी ७५ यांचे एकेक, शिवाय टी ७५ च्या बाजूच्या साखळीचा एक, असे चार-चार ऑक्सिजनचे पाच थर होतात. दोन थरांच्या मधे एक जागा, म्हणून चार जागा, आणि प्रत्येक जागेतल्या पोटॅशियमभोवती आठ ऑक्सिजन.

अंतर मोजा. पोटॅशियम ते ऑक्सिजन साधारण २.८ अँगस्ट्रॉम येईल. फिल्टरच्या खालच्या पोकळीत आणखी एक पोटॅशियम आहे. त्याच्याभोवतीही आठ ऑक्सिजन आहेत, फक्त ते पाण्याचे. सगळं रहस्य या जुळणीत आहे. पाण्याचं वेष्टण सोडायला आयनाला जी ऊर्जा मोजावी लागते, ती फिल्टरमधले ऑक्सिजन तितक्याच अंतरावरून जवळपास भरून देतात. पोटॅशियमची त्रिज्या १.३३ अँगस्ट्रॉम, सोडियमची ०.९५. म्हणजे सोडियम लहान आहे! धान्याच्या चाळणीत बारीक दाणा खाली पडतो आणि जाड वर राहतो, तो हिशोब इथे लावला की उत्तर हमखास चुकतं. सोडियमला हे ऑक्सिजन पुरेसे जवळ मिळत नाहीत, वेष्टण सोडण्याचा खर्च भरून निघत नाही, म्हणून तो मागे राहतो. चार जागा दिसल्या तरी चारही एका वेळी भरलेल्या असतात असं समजू नका. स्फटिकातल्या असंख्य चॅनेलांची ती सरासरी आहे. एका वेळी साधारण दोन आयन असतात, त्यांचं एकमेकांना रेटणं आयन पुढे सरकायला मदत करतं. वेगाचं कारण तेच.

हा फिल्टर ताठ साचा आहे असंही धरून चालू नका. शेवटच्या सी ऐवजी डी टाकून जोडीची फाइल उघडा. पहिली रचना २०० मिलिमोलर (द्रावणातलं प्रमाण) पोटॅशियममध्ये घेतलेली, ही फक्त ३ मिलिमोलरमध्ये. इथे व्ही ७६ चा कार्बोनिल मार्गाकडून वळलेला दिसेल आणि मधला भाग आवळलेला. पोटॅशियमच आपल्या फिल्टरला उभं धरतो.

फिल्टर निवड करतो, पण उघडझाप खाली होते. पेशीच्या आतल्या बाजूला चारही उपघटकांच्या आतल्या हेलिक्स (मळसूत्री वळणाचे भाग) एकमेकींजवळ येतात, ते दार. या फाइलमध्ये ते बंद आहे. केसीएसएचं दार आतली बाजू आम्लधर्मी झाली की उघडतं. उघडं दार पाहायला एमटीएचके हे कॅल्शियमने उघडणारं चॅनेल शेजारी ठेवा (२००२ ची रचना: एक, एल, एन, क्यू). तिथे आतली हेलिक्स ग्लायसिन ८३ पाशी वाकलेली दिसते. केसीएसएमध्ये त्याच जागी ग्लायसिन ९९ आहे, तिथे हेलिक्स सरळ.

एवढं जमलं की दुसऱ्या चॅनेलांत तीच ओळ शोधा. हृदयाच्या एचईआरजी या पोटॅशियम चॅनेलमध्ये ती एस-व्ही-जी-एफ-जी आहे. त्याच्या फिल्टरखालच्या पोकळीत वाय ६५२ आणि एफ ६५६ शोधा; अनेक औषधं तिथे अडकून ईसीजीतला क्यूटी हा कालावधी लांबवतात, म्हणून नवं औषध बाजारात येण्याआधी या चॅनेलवर तपासलं जातं. स्वादुपिंडातल्या केआयआर ६.२ या पोटॅशियम चॅनेलमध्ये टी-आय-जी-एफ-जी सापडेल. त्याच्या चार उपघटकांभोवती एसयूआर १ या सोबतच्या प्रथिनाचे चार, म्हणजे एकूण आठ. एटीपी केआयआरला चिकटला की चॅनेल बंद होतं आणि इन्सुलिन सुटतं. मधुमेहाची ग्लिबेनक्लामाइड गोळी एसयूआर १ ला चिकटून तेच घडवते. २०१७ पासून याच्या रचना उपलब्ध आहेत. त्या उघडताना साखळ्या आठ भरतात का, हे आधी मोजा आणि मगच अंतरांकडे वळा.