साथीच्या काळात धर्मग्राम जोडून ठेवायचा असेल, तर या चुका टाळा

२०२० साली झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, ५ एप्रिलला आला. वसईत झावळ्यांना काय तोटा? ज्याच्या त्याच्या वाडीत माड उभा. पण टाळेबंदी लागली होती, चर्चचं दार बंद होतं, आणि आम्ही तिघं-चौघं रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मोबाइलवर दाखवायच्या धावपळीत होतो. मिस्सा दिसली. बघणाऱ्यांचा आकडा वाढताना पाहून आम्हाला भरून आलं. आपला धर्मग्राम, म्हणजे आपल्या चर्चची सगळी कुटुंबं, तुटलेला नाही, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

ईस्टर होऊन गेल्यावर आमच्या आळीतल्या एका मावशींना मी सहज फोन केला. नातवाने त्यांना मोबाइल लावून दिला होता, तांदळाच्या डब्याला टेकवून. शुभवर्तमान सुरू झालं की त्या उभ्या राहायच्या, पुढे गुडघे टेकायच्या, अगदी चर्चमध्ये करतात तसं. झावळ्यांच्या रविवारी फादर ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, उंचावत असतानाच कुणाचा तरी फोन वाजला आणि पडद्यावरची मिस्सा गेली. घाबरून त्यांनी काहीतरी दाबलं, ती परत आलीच नाही. "माझ्याच हातून मिस्सा मोडली रे बाबा," त्या म्हणाल्या. "म्हणून मग पुन्हा लावलीच नाही." अख्खा पवित्र आठवडा तसाच गेला, ईस्टर गेला. नातू शेजारच्या खोलीत असायचा, पण त्यालाही त्या बोलल्या नाहीत.

त्या फोननंतर मला पटलं की मिस्सा घरापर्यंत पोहोचवणं आणि घर जोडून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला कॅमेरा लागतो. दुसऱ्याला लागतं ते एवढंच, की अमुक घराला अमुक माणूस फोन करणार हे आधी ठरलेलं असावं. आमच्या बहुतेक चुका पहिल्या कामालाच सगळं काम समजल्यामुळे झाल्या.

जुन्या यादीवर विसंबणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर. धर्मग्रामाच्या कार्यालयात कुटुंबांची नोंद असते. ती उघडली तेव्हा कितीतरी घरांपुढे बंद पडलेले लँडलाइनचे नंबर होते. मुलगी लग्न होऊन गेलेली, कुटुंबप्रमुख देवाघरी गेलेले, आणि नव्या इमारतींमध्ये भाड्याने राहायला आलेली कोकणी, तमिळ, मल्याळी कुटुंबं तर नोंदीतच नव्हती. ती रविवारी मागच्या बाकावर दिसायची, त्यामुळे आपल्यातलीच वाटायची. चर्च बंद झालं आणि त्यांना शोधायचं कुठे, हेच कळेना.

यावर उपाय सोपा आहे, फक्त तो साथ येण्याआधी करावा लागतो. प्रत्येक आळीत, प्रत्येक इमारतीत एक माणूस ठरवा आणि त्याच्याकडे दहा-बारा घरं द्या, जास्त नकोत. त्या घरांचे चालू नंबर, एकटं कोण राहतं, अंथरुणाला कोण खिळलंय, परदेशातल्या मुलाचा नंबर काय, हे एका वहीत. वही कागदाचीच असू द्या. मोबाइल बिघडला की यादीही जाते. ज्या धर्मग्रामात लहान ख्रिस्ती समूह, म्हणजे शेजारच्या घरांचे प्रार्थनेचे गट, खरोखर भरत होते, तिथे ही माणसं आधीपासूनच होती. जिथे समूह फक्त अहवालात होते, तिथे सगळं शून्यापासून करावं लागलं.

फोनवर काय विचारायचं, तेही ठरवून घ्या. "कसे आहात?" असं विचारलं की "बरं आहे" हेच उत्तर येतं. आपल्याकडची म्हातारी माणसं दुसरं उत्तर देतच नाहीत. "बी.पी.ची गोळी शेवटची कधी आणली?", "काल संध्याकाळी जेवणाला काय केलं होतं?", "मिस्सा लावता येते का, आवाज येतो का?", "फादरांशी बोलायचंय का?" असं नेमकं विचारलं की माणूस बोलू लागतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्याच माणसाने फोन करावा. दर वेळी नवा स्वयंसेवक फोन करतो तेव्हा पहिली पाच मिनिटं ओळख सांगण्यातच जातात.

हे काही आजचं शहाणपण नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्या काळात वांद्र्यासारख्या ठिकाणच्या गावठाणांमध्ये ठिकठिकाणी क्रूस उभे राहिले. त्यातले कितीतरी अजून गल्लीच्या तोंडाशी दिसतात. आपल्या दारापुढच्या क्रूसापाशी चार घरं मिळून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. माणसांना गल्लीनेच एकमेकांशी धरून ठेवलं.

मिस्सा दाखवतानाचे बिघाड

सगळ्यात जास्त तक्रारी आवाजाच्या होत्या, चित्राच्या नव्हत्या. माणसांनी भरलेलं चर्च आवाज शोषून घेतं, रिकामं घुमतं. मोबाइल दूर ठेवून घेतलेलं प्रवचन विहिरीतून आल्यासारखं वाटतं. फादरांच्या झग्याला छोटा कॉलर माईक लावा, किंवा साउंडवाल्याला सांगून मिक्सरमधून थेट वायर मोबाइलला जोडून घ्या. प्रक्षेपण करणारा मोबाइल विमान मोडवर टाकून फक्त वाय-फाय चालू ठेवा, म्हणजे मध्ये फोन येणार नाही. बघणाऱ्यांनाही हे करायला शिकवा. मावशींच्या बाबतीत तेवढंच करायला हवं होतं. मोबाइल आडवा धरा. रेकॉर्ड केलेली गाणी लावू नका. गाण्याच्या कॉपीराइटच्या कारणावरून प्रक्षेपण मध्येच बंद पडू शकतं, आणि आपल्या गायनवृंदातल्या एकाच ओळखीच्या आवाजाने घरातली माणसं सोबत गाऊ लागतात.

वेळ रोज बदलू नका. आधीच्याच वेळेला मिस्सा ठेवा आणि त्याआधी चर्चची घंटा वाजवा. घंटा ऐकायला ना डेटा लागतो ना नातू.

दुसरी चूक जास्त खोलवरची. आम्ही लोकांना "बघा" एवढंच सांगितलं. मिस्सेला जाणं अशक्य असेल तेव्हा घरी, कुटुंबात प्रार्थनेत वेळ द्यावा, शक्य तिथे शब्दविधी, म्हणजे बायबलची वाचनं आणि प्रार्थना, करावा, असं ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, कायद्यातच, १२४८व्या कलमात, म्हटलेलं आहे. त्यासाठी घरच्या माणसाच्या हातात काहीतरी लागतं. त्या रविवारची वाचनं, चार विनंत्या, एक गीत, एवढा एक कागद पुरे. झावळ्यांच्या रविवारी आपापल्या वाडीतली झावळी दाराला लावा असा निरोप ज्या घरांना वेळेवर मिळाला, त्या घरातली मुलं तो दिवस अजून सांगतात.

पोप फ्रान्सिस ९ मार्च ते १८ मे २०२० रोज सकाळची मिस्सा जगाला दाखवत होते. त्यांनीच १७ एप्रिलच्या प्रवचनात बजावलं, की ही अडचणीतली ख्रिस्तसभा आहे, हिलाच नेहमीची समजू नका, बोगद्यातून बाहेर पडायचं आहे. पडद्याची सवय पुढे किती घट्ट झाली ते पाहता हे वाक्य आम्ही तेव्हाच चर्चच्या दारावर लावायला हवं होतं.

संस्कारांबद्दल गप्प राहणं

संस्कार, म्हणजे धर्मगुरूंच्या हातून मिळणारे चर्चचे पवित्र विधी, आता कसे मिळणार असं लोक विचारत होते, आणि आम्ही "फादर सांगतील" म्हणून टाळत होतो. मग ज्याला जे सुचेल ते व्हॉट्सअॅपवर फिरलं. फोनवर कुमसार, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली, चालतो, इथपासून ते कुमसार न करता मेलेल्याला क्षमा नाही, इथपर्यंत.

खरं काय ते पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगा. फोनवर किंवा व्हिडिओवर कुमसार होत नाही. फादरांशी फोनवर बोलता येतं, धीर घेता येतो, पण तो संस्कार नव्हे. मात्र धर्मगुरू मिळूच शकत नसेल, तर देवावरच्या प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप करावा, संधी मिळताच कुमसार करण्याचा निश्चय करावा, आणि देवाची क्षमा मिळते, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. पोप फ्रान्सिस यांनी २० मार्च २०२० रोजी तिची पुन्हा आठवण करून दिली. त्याच दिवशी व्हॅटिकनने आजाऱ्यांना, त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना आणि शेवटच्या घटकेला संस्कार मिळू न शकलेल्यांनाही पूर्ण इंडल्जन्स, म्हणजे पापाच्या दंडाची संपूर्ण माफी, देऊ केली. आयसीयूच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाला हे माहीत असणं आणि नसणं यात फार मोठा फरक आहे. आमच्याकडे एका मुलाला ते वडील गेल्यानंतर कळलं.

मयतीच्या वेळी घराला एकटं सोडणं

वसईत मयत म्हणजे सगळी आळी गोळा होते. कुणी पाणी भरतं, कुणी रडणाऱ्याला धरून बसतं, रात्री रोझरी होते. साथीत मोजकी माणसं, बंद पेटी, आणि घाईने उरकलेला विधी. घरी परत आल्यावर शेजारच्यांची दारं लावलेली.

इथे आम्ही जे केलं नाही ते लिहितो. मयताच्या घरी त्याच संध्याकाळी फोन गेला पाहिजे, ठरलेल्या माणसाचा. नऊ दिवस रोज रात्री ठरल्या वेळी फोनवर रोझरी, सगळ्या आळीने मिळून. घरातली कुणी बोलली नाहीत तरी चालेल, पलीकडे आवाज असले पाहिजेत. जेवणाचा डबा गेटवर ठेवून निघून येता येतं. प्रत्येक मृताचं नाव आणि तारीख लिहून ठेवा, आणि चर्च उघडेल तेव्हा त्यांच्यासाठी सगळ्यांच्या साक्षीने मिस्सा होईल असं कुटुंबाला आजच सांगा.

कुणाला अग्नी द्यावा लागला, तर "मातीसुद्धा मिळाली नाही" असं कुटुंबासमोर बोलू नका. कॅथलिक ख्रिस्तसभेने दहनाला १९६३ पासून परवानगी दिली आहे. अस्थी पवित्र जागी, म्हणजे दफनभूमीत किंवा चर्चने ठरवलेल्या ठिकाणी ठेवाव्यात, उधळू नयेत किंवा घरी ठेवू नयेत, हे व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेत सांगितलं आहे. अस्थी ठेवायला दफनभूमीत जागा कुठली, हे धर्मग्राम परिषदेने आधीच ठरवून ठेवावं. ती चर्चा शोकात बुडालेल्या घरात होऊ नये.

ग्रुप आणि मदत

एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये सूचना, प्रार्थना, काढे आणि अफवा सगळं आलं, की मयतीची बातमी काढ्याखाली गाडली जाते. सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा, त्यात फक्त कार्यालयाने लिहावं.

लोकल बंद झाल्या तेव्हा दादरला फुलं-भाजी घेऊन जाणाऱ्या बायांचं उत्पन्न एका दिवसात थांबलं. ही माणसं हात पसरत नाहीत. मदत मागायला यादीत नाव लिहा म्हटलं की ती येत नाहीत, आणि धान्य देतानाचा फोटो काढला की पुढच्या वेळी दारही उघडत नाहीत. पिशवी संध्याकाळी ओळखीच्या माणसाच्या हातून पोहोचवा, फोटोशिवाय.

दार उघडलं म्हणजे सगळे आले, असं धरून चालणं

महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. प्रत्येक वेळी आम्ही बाकांवर खुणा केल्या, सॅनिटायझर ठेवला, तापमान मोजलं. कोण आलं नाही, हे मोजलं नाही. गुडघे दुखतात म्हणून न येणारे, भीतीने न येणारे, आणि आपल्या मयतीला कुणी आलं नाही म्हणून रागावून न येणारे, सगळे आम्ही एकाच हिशेबात टाकले. तिघांसाठी तीन वेगळ्या गोष्टी लागतात. पहिल्याच्या घरी ख्रिस्तप्रसाद न्यावा लागतो, दुसऱ्याला गर्दी नसलेली मधल्या वारची मिस्सा सुचवावी लागते, आणि तिसऱ्याच्या घरी जाऊन माफी मागावी लागते.

आमच्या आळीत आता दर वर्षी पावसाआधीच्या एका रविवारी वही घेऊन दोघं जण घरोघर फिरतात. गेल्या खेपेला माझ्या बारा घरांपैकी चार नंबर बदललेले निघाले.