गाडीची पॉलिसी कशी वाचावी: मुंबईच्या पावसात कुठलं कव्हर कामाला येतं

पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि थेट प्रीमियमच्या तक्त्यावर या. कंपनीने कशाचे पैसे घेतलेत ते इथेच कळतं. ज्या कव्हरचं नाव तक्त्यात नाही ते तुमच्याकडे नाही, मग एजंट फोनवर काहीही म्हणाला असो.

लायबिलिटीची बाजू म्हणजे थर्ड पार्टी. 1988च्या मोटार वाहन कायद्याने ती सक्तीची आहे. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई यातून होते. दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी मर्यादा साडेसात लाखांची. तुमच्या गाडीला यातून एक रुपया मिळत नाही.

दुसरी बाजू ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान: अपघात, आग, चोरी, पूर. नवी गाडी घेतलेल्यांनी इथे तारखा नीट बघाव्यात. सप्टेंबर 2018 पासून नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम घ्यावी लागते, पण ओन डॅमेज बऱ्याचदा एकाच वर्षाचं असतं. दुसऱ्या वर्षी कितीतरी जण ‘विमा आहे’ या समजुतीत निर्धास्त फिरत असतात.

आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, कमी दाखवून प्रीमियम वाचवू नका. गाडी चोरीला गेली तर त्याच आकड्यावर हिशोब होतो. झिरो डेप, म्हणजे बदललेल्या भागांवर घसारा न कापणारं कव्हर, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला घ्याच, कारण ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर 50 टक्के कापले जातात, आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये पहिला बळी बंपरचाच जातो.

आता इंजिन. सगळ्यात जास्त क्लेम इथे फसलेले मी पाहिलेत. ओन डॅमेजमध्ये पूर आहे, मग इंजिन का नाही, हे मलाही सर्व्हेअरांशी, म्हणजे क्लेमचं नुकसान तपासणाऱ्यांशी, वाद घालून घालूनच उलगडलं. उभ्या गाडीत पाणी शिरून सीट, कार्पेट, वायरिंग खराब झालं तर ते पुराचं थेट नुकसान. त्याचे पैसे मिळतात. पण हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या पाणी तुंबणाऱ्या ठिकाणी गाडी बंद पडली आणि तुम्ही पुन्हा सेल्फ मारलात, की एअर फिल्टरवाटे आलेलं पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी म्हणते, हे पुराने नाही, गाडी चालू करण्याने झालं. असं परिणामी नुकसान मूळ पॉलिसीत वगळलेलं असतं, आणि बिल सहज लाखाच्या पुढे जातं.

म्हणून मुंबईत इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्यामुळे इंजिनच्या होणाऱ्या नुकसानीचं जादा कव्हर, घ्यायलाच हवं. ‘झिरो डेप आहे ना, त्यात इंजिनही आलं’ असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. ही दोन वेगळी कव्हरं आहेत. इंजिन प्रोटेक्ट साधारणपणे पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळीच जोडता येतं, त्यामुळे जुलैत पाणी तुंबल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

आणि हे कव्हर असलं तरी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करू नका, कारण तेवढ्यावरून क्लेम अडू शकतो. पाणी चढत असेल तर आधी तुम्ही बाहेर पडा, गाडीचं नंतर बघू. पाणी कुठवर आलंय त्याचा फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी टो करून न्या. पाणी ओसरल्यावर ‘जरा बघूया’ म्हणून किल्ली फिरवणं सगळ्यात घातक. रस्ता कोरडा झाला तरी सिलिंडरमधलं पाणी तिथेच असतं. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंच समजा, आणि सर्व्हेअर येईपर्यंत मेकॅनिकला इंजिन खोलू देऊ नका.

शेवटचा रकाना एनसीबीचा, म्हणजे नो क्लेम बोनसचा. सलग पाच वर्षं क्लेम केला नाही तर ओन डॅमेजच्या प्रीमियमवर 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळते, म्हणून किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम करू नका. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की ही सूट जाते.