‘डाउट’ म्हणजे प्रत्येक वेळी शंका नव्हे

मराठीतील ‘शंका’ हा शब्द प्रश्न, अविश्वास आणि संशय या तिन्ही अर्थांना पुरतो. इंग्रजी ‘डाउट’ मात्र मुख्यतः अविश्वासाकडे झुकतो. त्यामुळे एखादा मुद्दा समजला नसेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावे, कारण आपल्या वर्गांत रुळलेले ‘आय हॅव अ डाउट’ हे वाक्य ब्रिटिश किंवा अमेरिकी श्रोत्याला त्याच्या म्हणण्यावर घेतलेला आक्षेप वाटू शकते. खरी गफलत क्रियापदात होते: ‘आय डाउट ही टुक इट’ म्हणजे त्याने ते घेतले असेल असे मला वाटत नाही, तर ‘आय सस्पेक्ट ही टुक इट’ म्हणजे त्यानेच घेतले असावे असा माझा संशय आहे. चोरीच्या तक्रारीत ही अदलाबदल भलतीच महागात पडेल.