नवी भाषा, नवा संगणक आणि ओळखीचा एकच प्रोग्रॅम

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांकडून मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे नवी प्रोग्रॅमिंग भाषा किंवा नवे साधन शिकायचे कसे. माझी पद्धत साधी आहे, आणि इतकी वर्षे वापरल्यानंतर ती मी ठामपणे सुचवतो. एक छोटा, पूर्ण समजलेला प्रोग्रॅम जवळ ठेवावा आणि प्रत्येक नव्या भाषेत व प्रत्येक नव्या संगणकावर तोच पुन्हा लिहावा. प्रश्न ओळखीचा असल्यामुळे सारे लक्ष साधनाकडे राहते आणि दोन भाषा नेमक्या कुठे वेगळ्या वागतात, ते लगेच समोर येते.

माझा प्रोग्रॅम आहे मराठी मजकुरातील शब्द मोजण्याचा. एखादी फाइल वाचायची, शब्द वेगळे करायचे आणि कोणता शब्द किती वेळा आला ते उतरत्या क्रमाने दाखवायचे, एवढेच त्याचे काम. इंग्रजी मजकुरावर हा प्रोग्रॅम जवळजवळ कोणत्याही भाषेत पहिल्याच प्रयत्नात चालतो, आणि म्हणूनच त्यातून फारसे काही शिकायला मिळत नाही. मराठी मजकूर दिला की खरी परीक्षा सुरू होते.

‘मराठी’ हाच शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, हिशेबाने काना आणि वेलांटी यांना स्वतंत्र क्रमांक असल्यामुळे ती पाच चिन्हे होतात, आणि ते क्रमांक बाइटमध्ये साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असल्यामुळे फाइलमध्ये हा शब्द १५ बाइट व्यापतो. याची लांबी विचारली तर पायथन ३ पाच सांगते, गो आणि रस्ट १५ सांगतात, तर स्विफ्ट तीन सांगते. यातले कोणतेही उत्तर चूक नाही. मजकूर म्हणजे काय, याविषयी त्या त्या भाषेने घेतलेला निर्णय त्या आकड्यात दिसतो, आणि हे एकदा ध्यानात आले की त्या भाषेच्या डॉक्युमेंटेशनमधील मजकूरविषयक प्रकरण वाचणे कितीतरी सोपे जाते.

शब्द वेगळे करताना फरक आणखी ठळक होतो. शब्दातील अक्षरांसाठी रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात नमुना शोधण्याच्या सूत्रात, बॅकस्लॅश-डब्ल्यू हे चिन्ह वापरण्याची पद्धत आहे. पायथनच्या मूळ लायब्ररीत, म्हणजे भाषेसोबतच मिळणाऱ्या तयार कोडमध्ये, काना-मात्रा त्या चिन्हात धरल्या जात नाहीत, त्यामुळे ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हाती येतात. गो भाषेत ते चिन्ह केवळ रोमन अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोर ओळखते, म्हणून देवनागरीतले काहीच सापडत नाही. रस्टची प्रचलित लायब्ररी मात्र अख्खा शब्द देते. पायथनमध्ये ‘रेजेक्स’ नावाची वेगळी लायब्ररी घेतली की हा प्रश्न सुटतो. पायथनची मूळ लायब्ररी आणि गो या दोन्ही ठिकाणी एररचा संदेश येत नाही, प्रोग्रॅम निमूटपणे चुकीचे आकडे छापतो किंवा रिकामी यादी देतो. म्हणूनच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून मिळालेला कोडदेखील दहा-बारा ओळींच्या मराठी फाइलवर चालवून आणि शब्द हाताने मोजून पडताळावा, असा माझा आग्रह आहे.

जुन्या ट्युटोरियलविषयी एवढेच सांगतो की ते कोणत्या आवृत्तीसाठी लिहिले आहे, हे आधी पाहावे. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, आणि त्या आवृत्तीत साध्या अवतरणचिन्हांत लिहिलेल्या याच शब्दाची लांबी १५ येत असे.

भाषा बदलताना संगणक तोच ठेवावा आणि संगणक बदलताना भाषा तीच ठेवावी, नाहीतर अडचण कशामुळे आली ते कळत नाही. नव्या संगणकाच्या ओळखीसाठी राझबेरी पाय हा एकाच बोर्डवर बसवलेला छोटा संगणक मला फार उपयोगी वाटतो. तो २०१२ मध्ये बाजारात आला आणि त्यात इंटेलपेक्षा वेगळ्या सूचना समजणारा एआरएम प्रोसेसर असतो. इंटेलच्या लॅपटॉपवर कंपाइल केलेला, म्हणजे त्या प्रोसेसरच्या सूचनांत आधीच रूपांतरित केलेला, गो प्रोग्रॅम तसाच त्यावर नेला तर तो सुरूच होत नाही, पायथनची फाइल मात्र तिथला इंटरप्रिटर चालवतानाच वाचत असल्यामुळे चालते. कंपायलर आणि इंटरप्रिटर यांतील फरक पुस्तकात वाचणे वेगळे आणि तो असा डोळ्यांसमोर घडताना पाहणे वेगळे. गो भाषेत कोणत्या प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम बनवायचा ते कंपाइल करतानाच सांगता येते, त्यामुळे पुढची वाट अवघड नाही.

त्यानंतर २०२१ मध्ये आलेला राझबेरी पाय पिको हा त्याहूनही लहान मायक्रोकंट्रोलर बोर्ड अवश्य घ्यावा. त्याची मेमरी केवळ २६४ केबी (किलोबाइट) आहे, म्हणजे एखाद्या मोठ्या पुस्तकाची फाइल त्यात एकदम मावणार नाही. मायक्रोपायथनमध्ये, म्हणजे अशा लहान बोर्डांसाठीच्या पायथनच्या आटोपशीर रूपात, फाइल ओळीओळीने वाचली तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण घर, घरात, घराला, घरातून ही सारी रूपे वेगवेगळे शब्द म्हणून साठत जातात आणि मजकूर मोठा असेल तर ती यादीच मेमरी संपवते. मग सगळे शब्द साठवण्याऐवजी ठरावीक शब्दच मोजायचे, की यादी अधूनमधून फाइलमध्ये उतरवून मेमरी मोकळी करायची, हे ठरवावे लागते. मी दुसरा मार्ग निवडला. वेग बराच कमी झाला, पण प्रत्येक शब्द किती जागा घेतो याचा हिशेब मी त्या निमित्ताने प्रथमच कागदावर मांडला, आणि नोकरीत मोठ्या लॉग फाइल हाताळताना तीच मांडणी मला पुन्हा वापरता आली.