कॉलनीचे रस्ते जुळलेत की तुटलेत, घरबसल्या कसं मोजाल?

धुळ्यात सायकलवर टपाल वाटण्यात माझी तीस वर्षं गेली. पाचव्या गल्लीचं बीट, म्हणजे वाटपाचा भाग, होतं तेव्हा पिशवी तासाभरात रिकामी व्हायची. मग देवपुरापलीकडचं वलवाडी शिवार आलं. पत्रं निम्मी, वेळ दुप्पट. तिथल्या एक काकू मागच्या भिंतीवरून शेजारणीला मिरच्या द्यायच्या. तेवढ्याच अंतरासाठी मला पाऊण किलोमीटरचा वळसा. रिटायर झाल्यावर तो वळसा मोजायलाच बसलो.

वही आणि मोबाईल पुरे. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या फुकट नकाशावर अर्धा किलोमीटर लांब-रुंद तुकडा घ्या. कुठे किती रस्ते मिळतात ते लिहा: चौकाला 4, तिठ्याला 3, रस्ता संपतो तिथे 1. नुसतं वळण सोडून द्या. बेरजेला एकूण ठिकाणांनी भागा. समजा 10 चौक, 6 तिठे, 4 बंद टोकं: 62 भागिले 20, म्हणजे 3.1. दुसरीकडे 2 चौक, 12 तिठे, 6 बंद टोकं: 2.5. आकडा जितका मोठा, तितके रस्ते जुळलेले.

पण एकदा पायी फिराच. नकाशात जोडलेला रस्ता प्रत्यक्षात नाल्यात नाहीतर कुणाच्या तारेच्या कुंपणात संपतो. दिवाळीनंतर जा; पावसाळ्यात आपली काळी माती चप्पल ठेवून घेते.

मग वळसा. चालायच्या अंतराला सरळ अंतराने भागा. काटकोनी गल्ल्यांत एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना उत्तर 1.41 च्या वर जात नाही. काकूंच्या भिंतीपाशी 30 मीटरला 750 मीटर, म्हणजे 25 पट!

शहर वाढताना हे कसं बदललं ते बघायचं तर जुना, मधला आणि नवा असे तीन तुकडे मोजा. नवे भाग कधी वसले ते गूगल अर्थच्या जुन्या उपग्रह-चित्रांत दिसतं. 1819 नंतर कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने तेव्हाचं नवं धुळे आखलं, ते एकहाती. म्हणून त्या गल्ल्या सरळ. पुढे मात्र शेतजमिनीचा एकेक गट एन.ए., म्हणजे बिगरशेती, होत गेला. ज्याने त्याने आपल्या शेतापुरतेच प्लॉट पाडले. आतला रस्ता बांधापर्यंत आला की थांबला. दहा वर्षांनी शेजारच्या गटात प्लॉट पडले, तर त्यांचा रस्ता चार हात सरकलेला. भाऊबंदकीचा बांध असा डांबरात उतरला. आणि एकदा घरं उभी राहिली की रस्ता हलत नाही.

म्हणून प्लॉट घेताना पाणी-वीज नंतर विचारा, आधी बांधावर उभे राहा आणि रस्ता पलीकडे कुठे निघणार ते विचारा. घर झालंच असेल तर नकाशावर दोन बंद टोकांमध्ये पेन्सिलीने एक बोळ काढून पुन्हा मोजा. दोन टोकं गळतात, म्हणून 48 भागिले 18: 2.5 चा आकडा 2.67 होतो. चारचाकी जायची गरज नाही, सायकल निघाली तरी पुरे.